डाव्या हाताची तर्जनी

सरकारी नोकरीत मी तेहतीस वर्षं काढली. त्या तेहतीस वर्षांत माझ्या हातून एकच काम अगदी नियमाबरहुकूम, कुठेही बोट ठेवायला जागा न उरता पार पडलं, आणि नेमकं तेवढंच बिघडलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. बाकीची कामं मी इतर कारकुनांसारखीच केली, म्हणजे जमतील तशी.

ज्यांच्याकडून मी ते काम शिकलो ते पालघरच्या मामलेदार कचेरीत निवडणूक शाखेचे अव्वल कारकून होते. कचेरीत तसे पाच-सहा भाऊसाहेब होते, पण नुसतं भाऊसाहेब म्हटलं की हेच. जमिनीची टेबलं, रेशनचं टेबल, तगाईचं टेबल ह्यांच्यापुढे माणसं सकाळपासून ताटकळत उभी असत आणि भाऊसाहेबांच्या टेबलापुढे रिकामं बाकडं असे. मागे एक खोली, तिच्यात छतापर्यंत रचलेल्या पत्र्याच्या मतपेट्या. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात हा माणूस करतो तरी काय, असा प्रश्न मला नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात पडला. मी तेवीस वर्षांचा होतो आणि पडलेला प्रश्न मोठ्याने विचारायची मला खोड होती. मामलेदार साहेब मागेच उभे होते. दुसऱ्या दिवशी माझं टेबल निवडणूक शाखेत गेलं.

मग काय करतात ते रोजच बघायला मिळालं. दर शनिवारी दहा-दहा पेट्या आवारात उन्हात काढायच्या, बिजागऱ्यांना खोबरेल लावायचं, कडी लावून-उघडून बघायची आणि परत आत न्यायच्या. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजायला वेळ लागत नाही, त्यामुळे शेवटची पेटी होईपर्यंत पहिलीची पाळी आलेली असे. प्रत्येक पेटीचा स्वभाव त्यांना पाठ होता. "एकशेबारा जरा रुसकी आहे, तिला वरून दाबा आणि मग फिरवा." "त्र्याऐंशी गुणी हो, तिच्याबद्दल तक्रार नाही." घरी त्यांना तीन मुली होत्या. त्यांच्याबद्दल इतक्या कौतुकाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मी खोबरेलाची वाटी धरून उभा राहत असे आणि घरी, बेटेगावला, आईला सांगत असे की कचेरीत फार जबाबदारीचं काम दिलंय.

निवडणूक लागली की मात्र भाऊसाहेब बदलून जात. कुठल्या उमेदवाराला कुठलं चिन्ह मिळालं हे एकदा जाहीर झालं, की ते चिन्ह ते स्वतःच्या आयुष्यातून काढून टाकत. एका वर्षी कुणा अपक्षाला सायकल मिळाली. भाऊसाहेबांनी आपली सायकल माजघरात नेली, तिच्यावर गोधडी टाकली आणि निकाल लागेपर्यंत दोन मैल पायी कचेरीत आले. एका गावच्या पंचायतीच्या निवडणुकीत छत्री आली ती ऐन जूनमध्ये. मग ते भिजत आले आणि पंख्याखाली स्वतःच्या आधी मतदारयाद्या वाळत घातल्या. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्या छत्रीने कुणाची मतं वाढणार आहेत?"

"माझी छत्री लोकांना माझी दिसत नाही," ते म्हणाले. "सरकारची दिसते."

त्यांना शिंकांचा त्रास होता आणि तरी ते हे करत. कुणा उमेदवाराबद्दल त्यांच्या तोंडून चांगलं-वाईट अक्षर कधी कुणी ऐकलं नव्हतं. चहाच्या टपरीवर राजकारण निघालं की ते पेला उचलून उन्हात जाऊन उभे राहत. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. त्यांचं चालणं, शिंकणं, "नियम काय सांगतो?" म्हणून भुवया वर करणं ह्या सगळ्याची नक्कल मला उत्तम यायची. कचेरीत मला जी काही थोडीफार लोकप्रियता होती ती ह्या नकलेवरच.

आणि ह्या माणसाने स्वतः एकदाही मत दिलेलं नव्हतं. हे मला शाखेच्या शिपायाने सांगितलं तेव्हा खरं वाटेना. पहिल्या निवडणुकीत ते दिवसभर कचेरीत निरोप घेत बसले होते. दुसरीत कामावरच्या शेकडो मास्तरांच्या टपालाच्या मतपत्रिका त्यांनी वेळेवर रवाना केल्या, आणि त्यांचं स्वतःचं पाकीट मोजणीनंतर तिसऱ्या दिवशी खणात सापडलं. तिसऱ्या खेपेला दुपारी तीन वाजता टोपी घालून मत द्यायला निघाले, तर वाटेतच सांगावा आला की एका केंद्रावर पेटीची कडी बसत नाही. ते तसेच तिकडे गेले.

"मग वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"कडी बसली ना," ते म्हणाले. आणि समोरच्या पेटीची कडी उगाच दोनदा लावून बघितली.

अशात आमच्या भागातली विधानसभेची जागा मुदतीआधीच रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. भाऊसाहेबांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी लगेच रंगीत तालमीची तयारी केली. फुलीचा शिक्का मारायची पद्धत लोकांना अजून नवी होती. आधी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकला की झालं. आता एकाच कागदावर सगळे, त्यात आपल्या माणसापुढे फुली मारायची आणि कागदाची घडी अशी घालायची की ओली शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उठू नये. हे मास्तरांनाच नीट येईना, तर मतदारांना काय शिकवणार? म्हणून तालीम.

तालमीसाठी खरी चिन्हं वापरणं भाऊसाहेबांना पटण्यासारखं नव्हतंच. त्यांनी वांगं, दुधी, भोपळा आणि शेवगा असे चार उमेदवार उभे केले. एका शाळेच्या वर्गात चाळीस मास्तर जमले. मतदार कमी पडले म्हणून कचेरीत उताऱ्यासाठी आलेल्या माणसांनाही आणून रांगेत उभं केलं. मला शाईच्या टेबलावर बसवलं होतं. मतदाराच्या डाव्या हाताची तर्जनी बघायची, खूण नसेल तर शाई लावायची, खूण असेल तर परत पाठवायचं, एवढंच काम. शाई तालमीपुरती दौतीतली साधीच, धुतली की जाणारी. भाऊसाहेबांनी एका शिपायाच्या बोटाला आधीच शाई लावून त्याला गुपचूप रांगेत घुसवलं. तो शिपाई माझ्या ओळखीचा, रोज मला पान आणून देणारा. मी त्याच्याशी हसून दोन शब्द बोललो आणि त्याच्या काळ्या बोटावर आणखी शाई लावली.

"थांबा!" भाऊसाहेब मागून ओरडले. त्यांनी मला चाळीस मास्तरांपुढे उभं केलं. "ह्यांनी तोंड बघितलं. मी तोंड बघायला बसवलेलं नाही. बोट बघायचं. समोर तुमचे वडील येवोत, मामलेदार येवोत, मी येवो. बोटावर खूण असेल तर मतपत्रिका नाही. तो काहीतरी कारण सांगेल. ऐकायचं नाही. कारण प्रत्येकाकडे असतं."

चाळीस मास्तर हसले. मास्तरांना दुसऱ्याला उभं केलेलं बघायला आवडतंच. ज्या वर्गात हे झालं त्याच वर्गात मी चौथीत शिकलो होतो, त्यामुळे अपमान अगदी जुन्या ओळखीचा वाटला. त्या तालमीत वांगं निवडून आलं. भाऊसाहेबांनी त्याचाही निकाल कागदावर लिहून, लाखेने बंद करून ठेवला. मी त्या दिवशी मनात एक गाठ मारली, की कधीतरी हा माणूस नियमात चुकेल आणि तेव्हा तो माझ्या तावडीत असेल.

मतदानाच्या चार दिवस आधी मुरब्याच्या केंद्रावर नेमलेल्या हेडमास्तरांना कावीळ झाली. राखीव माणसं आधीच वाटून झालेली. मामलेदार साहेबांनी भाऊसाहेबांनाच केंद्राध्यक्ष म्हणून जायला सांगितलं आणि शाईच्या टेबलावर मला दिलं; यादीच्या आणि मतपत्रिकांच्या टेबलांवर दोन मास्तर नेमलेले होतेच. मला वाटलं होतं ते कुरकुरतील. ते खूश झाले. कारण ज्याची नेमणूक त्याच मतदारसंघात असते, त्याला नेमणुकीच्या केंद्रावरच मत देता यावं म्हणून एक दाखला मिळतो. भाऊसाहेबांनी असे दाखले इतरांसाठी इतके भरले होते, पण स्वतःच्या नावाचा पहिलाच. त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"वाचा."

मी वाचला.

"काही चूक?"

"नाही."

त्यांनी तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. थोड्या वेळाने परत काढून बघितला. दुपारी तिसऱ्यांदा. "अहो, चाळीस केंद्रांचं साहित्य मी हाताने बांधून पाठवतो," ते जरा लाजत म्हणाले, "पण आत पडद्यामागे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक नाही. लोक विचारतात तेव्हा मी पुस्तकातलं सांगतो." इतकं स्वतःबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. मला त्या वेळी ते गमतीदार वाटलं आणि संध्याकाळी मी त्याची नक्कल केली.

मतदानाच्या आदल्या दिवशी कचेरीच्या आवारात साहित्याचं वाटप. मागच्या खेपेला शाईबद्दल तक्रार आली होती. किनाऱ्यावरच्या एका गावात बायकांच्या हातांना मासळीचं तेल, त्यामुळे शाई बोटात मुरलीच नाही आणि संध्याकाळपर्यंत धुऊन गेली. भाऊसाहेबांनी दोन उपाय केले. घरातलं जुनं लुगडं फाडून प्रत्येक केंद्रासाठी बोट पुसायची फडकी केली. आणि शाईची प्रत्येक बाटली उघडून तपासली. कशावर? स्वतःच्या डाव्या तर्जनीवर. शिपाई म्हणाला, माझं बोट घ्या. "ही शाई दुसऱ्याच्या बोटाला लावायचा अधिकार उद्या सकाळी आठ वाजता सुरू होतो," ते म्हणाले. चाळीस बाटल्या झाल्या तेव्हा त्यांचं बोट नखापासून मधल्या पेरापर्यंत कोळशासारखं झालं होतं. बाटल्यांची बुचं एकेक करून मीच काढून देत होतो. त्या वेळी माझ्या मनात काही आलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. दुसऱ्या दिवशीबद्दल मात्र मला शपथ घालू नका.

सातपाटीपर्यंत आम्हाला तारापूरकडच्या बांधकामावरचा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर कुठला तरी उत्तरेकडचा. पेटीकडे बघून त्याने विचारलं, "बाबूजी, इसमें क्या है?"

"अभी कुछ नहीं है," भाऊसाहेब म्हणाले. "कल शामको पूछो."

सातपाटीहून मुरब्याला जायचं तर मधे खाडी. होडी तयार होती, पण भाऊसाहेब चढेनात. त्यांनी पिशवीतून जाळ्याला बांधतात तसे दोन तरंगते गोळे काढले, सुतळीने पेटीच्या दोन बाजूंना आवळून बांधले आणि मगच पेटी होडीत ठेवली. होडीवाला तांडेल म्हातारा होता. तो बघत राहिला.

"भाऊसायेब, पेटी बुडली त तरंगंल. तुमी बुडलं त?"

"माझ्या जागी हे पहिल्या टेबलावरचे मास्तर बसतील. नियम आहे तसा."

"मंग आमाला काय कालजी नाय," तांडेल म्हणाला आणि त्याने होडी लोटली. मी पेटीला धरून बसलो होतो. मला पोहता येत नव्हतं, आणि ते दोन गोळे पेटीऐवजी मला बांधावेत असं मला फार वाटत होतं.

केंद्र शाळेत होतं. सकाळी आठला दार उघडलं तेव्हा बायका आधीच आलेल्या. पुरुष बोटींवर गेलेले, भरतीबरोबर दुपारी परतणार. बायकांना बोंबील वाळत घालायला जायचं होतं, त्यामुळे त्यांना घाई. लुगड्याच्या फडक्याने मी बोटं पुसत होतो आणि काडीने शाई लावत होतो. एक म्हातारी पडद्यामागून फुली मारून आली, पेटीकडे बघितलं आणि कागद पदराखाली घेतला. "ही कोनाची पेटी? माझ्या मानसाची पेटी कुटं हाय?" भाऊसाहेब खुर्चीतून उठले आणि तिला सांगितलं की आता सगळ्यांची मिळून एकच. "म्हंजे सगली मिसलली?" ती म्हणाली. "मंग तुमी निवडनार कसं?" भाऊसाहेबांनी तिला मोजणी समजावून सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ती सगळं ऐकून मगच कागद टाकून गेली. असा माणूस केंद्रावर असावा, हे मला तेव्हाही कळलं. कळून फारसा उपयोग झाला नाही.

दोनदा त्यांनी घड्याळ बघून खिशाला हात लावला, पण गर्दी होती म्हणून उठले नाहीत. साडेतीनला बोटी आल्या, पुरुषांची रांग लागली, ती साडेचारला ओसरली. मग त्यांनी खुर्ची पहिल्या टेबलावरच्या मास्तरांच्या ताब्यात दिली, तसं लिहून ठेवलं, टोपी नीट केली आणि बाहेर जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. केंद्राध्यक्ष आपल्याच केंद्रावर तीन कोळणींच्या मागे रांगेत उभे. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की मला वर बघवेना. परीक्षेच्या निकालाला मुलं उभी असतात तसा.

त्यांची पाळी आली. दुसऱ्या मास्तरांनी दाखला घेतला, यादीवर नोंद केली. भाऊसाहेब माझ्यापुढे आले आणि सवयीने डावा हात पुढे केला.

बोट समोर होतं. काळं कुळकुळीत.

आता खरं सांगतो. मला नियम आठवला नाही. मला चाळीस मास्तरांचं हसणं आठवलं. माझ्या मनात एक उकळी फुटली, की सापडले! आणि मी त्यांच्याच आवाजात, जी नक्कल मला इतकी छान यायची त्याच आवाजात म्हणालो, "बोटावर खूण आहे. मतपत्रिका देता येणार नाही."

भाऊसाहेबांनी आपल्या बोटाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं, की जणू ते बोट त्यांना कुणीतरी आत्ताच आणून दिलं होतं.

उमेदवारांचे दोन प्रतिनिधी बाकावर बसले होते, एक दुकानदार आणि एक तरणा खलाशी. दिवसभर ते एकमेकांशी बोलले नव्हते. खलाशी उठला. "आवो, बाटल्या तपासल्यात त्यांनी. समद्या तालुक्याला ठाव हाय. आमची हरकत नाय."

"आमचीपन नाय," दुकानदार म्हणाला.

भाऊसाहेबांनी मान वर केली. त्या क्षणी ते म्हणाले असते की मी केंद्राध्यक्ष आहे, मी ठरवतो, तर कुणीही हूं की चूं केलं नसतं. मी तर सगळ्यात आधी शाईची काडी उचलली असती. देवाशप्पथ उचलली असती.

"हरकतीचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "खूण आहे का? आहे. संपलं." आणि माझ्याकडे वळून, अगदी शिकवल्यासारखं, "कारण ऐकून घ्यायचं नाही. बरोबर केलंत."

मागे एक कोळीण येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "भाऊसायेब, सकालपासून आमा सगल्यांची मतं तुमी घेतली. तुमचं कोन घेनार?"

"पुढे या बाय. रांग थांबवू नका," ते म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

मी उठायला हवं होतं. हात जोडून चुकलो म्हणायला हवं होतं. मी काय केलं? त्या बाईचं बोट पुसलं, काडी बुडवली, शाई लावली. आणि मनाच्या एका कोपऱ्यात मी खूश होतो. ह्याची मला आजही लाज वाटते.

पाच वाजता दार बंद झालं. पेटी लाखबंद झाली, कागद भरले. केंद्राध्यक्षांनी दिवसाची हकिकत लिहायची असते, ती त्यांनी लिहिली आणि मला सहीसाठी पुढे केली. त्यात होतं की चार वाजून पस्तीस मिनिटांनी एका मतदाराच्या बोटावर आधीच खूण आढळल्याने मतपत्रिका नाकारण्यात आली, आणि संबंधित कर्मचाऱ्याचे वर्तन निर्भीड व नियमास धरून होते. मतदाराच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट लिहिलं होतं.

परतताना खाडीत ओहोटी लागायच्या आत निघालो. पेटी मधे, तिला ते दोन गोळे बांधलेले. मी शेवटी तोंड उघडलं. "भाऊसाहेब, मी मुद्दाम केलं. मला तुम्हाला पकडायचं होतं."

"ते मला दिसलं," ते म्हणाले. "तुमचं मन काय म्हणत होतं ते नियमात येत नाही." मग बरंच अंतर काटल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चाळीस बाटल्या बघितल्या मी. हे बोट खराब होतंय, हे एकदाही लक्षात आलं नाही. मीही मतदार आहे, हेच कधी डोक्यात राहिलं नाही." मी खाडीकडे बघत राहिलो. मला तेव्हा पोहता येत असतं तर मी उतरून चालता झालो असतो.

ती हकिकत वर गेली आणि कुणाच्या तरी डोळ्यांत भरली. निर्भीड कर्मचारी म्हणून माझ्या नावापुढे शेरा पडला. भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा निवडणूक शाखेतली त्यांची जागा, तीन जणांना डावलून, मला मिळाली. पुढच्या सगळ्या बढत्या त्या पहिल्या बढतीवरच उभ्या आहेत. घरच्यांना मी सांगतो की मी मेहनतीने वर आलो. शनिवारी पेट्या उन्हात काढायचं मी सहा महिने इमानाने केलं, मग शिपायाला सांगू लागलो.

पुढची सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा मी स्वतः भाऊसाहेबांच्या घरी त्यांच्या नावाची चिठ्ठी घेऊन गेलो. ते थकले होते. दारातच त्यांनी डावा हात पुढे केला, तर्जनी स्वच्छ. "बघून घ्या," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मतदानाच्या दिवशी मी पास लावून पालघरच्या त्यांच्या केंद्रावर हजर राहिलो. काही झालं तरी ह्या माणसाचं मत आज पेटीत पडलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात.

ते धुतलेला कोट घालून आले. बोट बघून झालं, शाई लागली, विधानसभेची आणि लोकसभेची अशा दोन मतपत्रिका हातात आल्या. ते पडद्यामागे गेले.

आणि बाहेर येईनात. दोन मिनिटं झाली, पाच झाली. रांग कुरकुरू लागली. केंद्राध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते, जवळ जवळ ठेवलेले, न हलणारे. मला वाटलं भोवळ आली की काय. इतक्यात ते बाहेर आले. दोन्ही कागदांच्या सुरेख घड्या, आधी उभी, मग आडवी. एकेक करून पेट्यांत टाकल्या आणि ते कुणाकडे न बघता चालू लागले.

मी मागून धावलो. शाळेच्या ओट्यावर ते बसले होते.

"कसं वाटलं भाऊसाहेब?" मी विचारलं. केवढा उत्साह माझ्या आवाजात!

"सगळी नावं वाचली," ते म्हणाले. "दोनदा वाचली. कुणाच्याही अर्जात काही दोष नव्हता."

"मग?"

"अहो, ह्यातला कोण बरा, हा विचार करायचा नाही, असं इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आलो. आज आत उभा राहून म्हटलं, आता कर. तर तो येईचना." ते आपल्या नव्या ओल्या बोटाकडे बघत होते. "मागे रांग खोळंबली होती."

"मग काय केलंत?"

"घडी घातली," ते म्हणाले.

त्याहून जास्त मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

दोन दिवसांनी मोजणी झाली. त्या काळी एकेका केंद्राची पेटी वेगवेगळी मोजत. त्या केंद्राची विधानसभेची पेटी माझ्या टेबलावर उघडली. शेकडो कागद, बहुतेकांच्या घड्या वेड्यावाकड्या. त्यात एक कोरा निघाला. कुठेही फुली नाही, शाईचा ठिपकाही नाही. तो कुणाचाही असू शकतो, हे मी स्वतःला सांगून बघितलं. लोकसभेची मोजणी पलीकडच्या टेबलावर चालली होती. तिथे काय निघालं ते मी विचारायला गेलो नाही.

साहेबांनी कागद उलटून-पालटून बघितला आणि माझ्याकडे सरकवला. नामंजूर झालेल्या मतपत्रिकेच्या पाठीवर शिक्का मारायचं काम निवडणूक कारकुनाचं असतं. बाजूला प्रतिनिधी बसले होते, कुणाचीच हरकत नव्हती. मी शिक्का शाईत दाबला आणि भाऊसाहेबांना दुसऱ्यांदा परत पाठवलं.